जमिनीच्या पैशावर उभे राहिलेले फुटबॉल

२०१६च्या जानेवारीअखेरीस आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेमतेम दहा दिवसांत, चिनी फुटबॉलमधल्या सर्वांत महाग खेळाडूचा विक्रम तीनदा मोडला. आधी जिआंगसू सुनिंगने चेल्सीचा ब्राझिलियन मध्यरक्षक रामिरेस सुमारे २ कोटी ८० लाख युरोंना घेतला. मग ग्वांगझू एव्हरग्रँडने अॅटलेटिको माद्रिदच्या जॅक्सन मार्टिनेझसाठी ४ कोटी २० लाख युरो मोजले. त्यानंतर दोनच दिवसांनी जिआंगसू सुनिंगने युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्ककडून अॅलेक्स टेशेराला ५ कोटी युरोंना आणले. या टेशेरावर लिव्हरपूलचा डोळा होता आणि लिव्हरपूलची बोली कमी पडली होती. त्या हिवाळ्यात चिनी सुपर लीगने खेळाडूंच्या खरेदीवर इंग्लिश प्रीमियर लीगपेक्षाही जास्त पैसा ओतला. दुसऱ्या श्रेणीतल्या तियानजिन क्वानजियाननेसुद्धा ब्राझीलचे लुईस फाबियानो आणि जादसन आपल्या संघात आणले होते.

हा पैसा फुटबॉलने कमावलेला नव्हता. तिकिटे, जर्सी, जाहिराती आणि प्रक्षेपण मिळून येणाऱ्या उत्पन्नातून असे खेळाडू घेणे चीनमधल्या एकाही क्लबला शक्य नव्हते. पैसा आला तो प्रामुख्याने जमिनीतून, आणि जमिनीचा बाजार बसला तेव्हा तो गेलाही. या दोन टोकांमधल्या दहा वर्षांत जे घडले, त्याचा दोष परदेशी खेळाडूंच्या लोभाला देण्याची रीत पडली आहे. ती अन्यायाची आहे. खेळाडूने देऊ केलेला पगार घेतला, एवढेच. प्रश्न तो देणाऱ्यांच्या हिशेबाचा होता.

चीनमध्ये व्यावसायिक लीग १९९४ साली सुरू झाली आणि २००४मध्ये तिचे रूपांतर चिनी सुपर लीगमध्ये झाले. नाव भारदस्त झाले तरी आतून लीग पोखरलेली होती. सामने ठरवून खेळले जात, पंच विकले जात. २००९-१०च्या चौकशीत हे सगळे उघड्यावर आले. चिनी फुटबॉल संघटनेचे माजी प्रमुख नान योंग आणि शिए यालोंग या दोघांना २०१२मध्ये प्रत्येकी साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. २००२च्या विश्वचषकात शिट्टी वाजवलेले नामवंत पंच लू जुन यांनाही तुरुंगात जावे लागले. राष्ट्रीय संघाची अवस्था वेगळी नव्हती. चीन विश्वचषकाला आजवर एकदाच, २००२मध्ये पात्र ठरला. तिथे कोस्टारिका, ब्राझील आणि तुर्कस्तान यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने तो हरला. नऊ गोल खाल्ले आणि एकही केला नाही.

त्याच चौकशीच्या धुरळ्यात ग्वांगझूच्या क्लबला सामनानिश्चितीच्या जुन्या प्रकरणावरून दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. बदनाम झालेला हा क्लब मार्च २०१०मध्ये एव्हरग्रँड या बांधकाम कंपनीने १० कोटी युआनना विकत घेतला. कंपनीचे मालक शू जियायिन हनान प्रांतातल्या एका गरीब खेड्यातून वर आले होते आणि १९९६मध्ये ग्वांगझूमध्ये त्यांनी घरबांधणीचा धंदा मांडला होता. त्यांनी क्लबही बांधकामाच्या जागेसारखाच चालवला : भरपूर भांडवल, कडक मुदती, रोख बक्षिसे. २०११च्या मोसमात संघासाठी दरच लावलेला होता. सामना जिंकला तर ५० लाख युआन, बरोबरी झाली तर १० लाख, आणि हरला तर उलट ३० लाखांचा दंड. त्याच वर्षी ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सेकडून दारिओ कोंका हा अर्जेंटिनाचा मध्यरक्षक आला. चीन-ब्राझीलबाहेर त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते; पगाराच्या बाबतीत मात्र तो जगातल्या पहिल्या काही खेळाडूंमध्ये जाऊन बसला. पहिल्या श्रेणीत परतल्या वर्षीच एव्हरग्रँडने लीग जिंकली आणि तेव्हापासून सलग सात वर्षे, २०१७पर्यंत, विजेतेपद दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिले नाही.

इटलीला विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक मार्चेलो लिप्पी २०१२मध्ये ग्वांगझूला आले. २०१३मध्ये अंतिम फेरीत एफसी सोलशी दोन्ही सामन्यांत बरोबरी साधून, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलांच्या जोरावर, एव्हरग्रँड आशियाचा विजेता झाला. २०१५मध्ये ब्राझीलच्या लुइझ फेलिपे स्कोलारींच्या हाताखाली त्याने ते पुन्हा करून दाखवले. यातले श्रेय नाकारता येणार नाही. कोंका, मुरिकी, एल्केसन हे नुसते मिरवायला आणलेले खेळाडू नव्हते. तियानहे स्टेडियम चाळीस हजारांहून अधिक लोकांनी भरत होते आणि दक्षिण चीनमधल्या एका पिढीला आपला म्हणता येईल असा संघ मिळाला होता. एव्हरग्रँडने छिंगयुआन इथे काढलेली निवासी फुटबॉल शाळाही अवाढव्य होती. पन्नासच्या आसपास मैदाने, हजारो मुले, रेआल माद्रिदने पाठवलेले प्रशिक्षक. पुढे इतर क्लबांनी नक्कल केली ती खेळाडूंच्या किमतीची. शाळेची नक्कल फार कमी जणांनी केली.

बांधकाम कंपनीला या उलाढालीत काय मिळत होते, हे चीनमधल्या जमिनीच्या व्यवहाराशिवाय उलगडत नाही. तिथे शहरी जमीन सरकारच्या मालकीची असते. बिल्डर ठरावीक वर्षांसाठी तिच्या वापराचा हक्क विकत घेतो, आणि हा हक्क विकतात स्थानिक सरकारे. त्यांच्या तिजोरीचा मोठा हिस्सा याच विक्रीतून भरायचा. म्हणजे शहराचा कारभारी आणि बिल्डर यांचे नशीब एकमेकांत गुंतलेले. महापौराला आणि पक्षाच्या सचिवाला आपल्या शहराचे नाव देशभर गाजायला हवे असते; बिल्डरला हवी असते चांगली जागा, लवकर मिळणारी परवानगी आणि बँकेचा विश्वास. क्लब विकत घेऊन शहराची शान राखणारा उद्योगपती हे दोन्ही साधतो. शिवाय नाव होतेच. घर बांधून होण्याआधीच त्याचे पैसे घेणाऱ्या कंपनीसाठी नावावरचा भरवसा हेच खरे भांडवल, आणि दर आठवड्याला राष्ट्रीय वाहिनीवर दिसणारी जर्सी हे त्याचे सर्वांत सोपे साधन होते. २०१३च्या आशियाई अंतिम सामन्यात एव्हरग्रँडच्या खेळाडूंच्या छातीवर अचानक एका नव्या बाटलीबंद पाण्याचे नाव झळकले. ते पाणी एव्हरग्रँडचेच होते. २०१५च्या अंतिम सामन्यात तर करारबद्ध प्रायोजक मोटार कंपनीचे नाव काढून तिथे एव्हरग्रँडच्या विमा कंपनीचे नाव लावण्यात आले. प्रकरण कोर्टात गेले आणि क्लबला भरपाई द्यावी लागली. आशियातला सर्वांत मोठा सामना मालकाच्या लेखी काय होता, ते याहून स्पष्ट दिसणार नाही.

म्हणूनच तोटा हा या क्लबांच्या मालकांना तोटा वाटत नव्हता. अलीबाबाने २०१४मध्ये १ अब्ज २० कोटी युआन देऊन ग्वांगझूच्या क्लबचा निम्मा हिस्सा घेतला. २०१५ हे वर्ष क्लबसाठी लीग आणि आशिया दोन्ही जिंकल्याचे, आणि त्या वर्षीचा तोटा होता सुमारे ९५ कोटी युआनचा. जाहिरातीवरचा खर्च म्हणून तो खपून जात होता.

बाकीच्या क्लबांच्या मागेही बहुतेक ठिकाणी घरबांधणीच होती. शांघाय शेनहुआमागे ग्रीनलँड, हबेईमागे चायना फॉर्च्युन, ग्वांगझूच्याच दुसऱ्या क्लबमागे आर अँड एफ, हनानमागे जियानये, हांगझौमागे ग्रीनटाउन. वेगळे धंदे होते ते थोडे : जिआंगसूची सुनिंग ही विजेच्या उपकरणांच्या दुकानांची साखळी, शांघाय एसआयपीजीची मालकी सरकारी बंदर कंपनीकडे, तियानजिनची क्वानजियान ही आरोग्यवर्धक उत्पादने विकणारी कंपनी.

या सगळ्याला वेग आला तो बीजिंगच्या इच्छेने. शी जिनपिंग फुटबॉलचे जुने शौकीन. चीनने विश्वचषकाला पात्र ठरावे, तो भरवावा आणि जिंकावा, अशा आपल्या तीन इच्छा त्यांनी राष्ट्राध्यक्ष होण्याआधीच, २०११मध्ये, एका दक्षिण कोरियन नेत्याला बोलून दाखवल्या होत्या. १५ जून २०१३ रोजी, नेमक्या शी यांच्या साठाव्या वाढदिवशी, हफेईमध्ये राष्ट्रीय संघ थायलंडकडून ५-१ असा हरला. २०१५मध्ये फुटबॉल सुधारणेचा पन्नास कलमी आराखडा आला. २०१६मध्ये त्याला जोडून २०५०पर्यंतची योजना आली, तीत २०२०पर्यंत वीस हजार फुटबॉल शाळा आणि सत्तर हजार मैदाने असे लक्ष्य होते. सर्वोच्च नेत्याला काय आवडते, हे उद्योगपतींना वेगळे सांगावे लागत नाही. शाळा आणि मैदाने फळायला पंधरा-वीस वर्षे लागतात. महागडा ब्राझिलियन पुढच्याच शनिवारी दिसतो. त्यामुळे पैसा शनिवारकडे वळला. २०१५च्या अखेरीस एका माध्यम कंपनीने लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणासाठी तब्बल ८ अब्ज युआन देऊ केले आणि आता लीग स्वतःच्या पायावर उभी राहील, अशीही आशा निर्माण झाली.

२०१६च्या उन्हाळ्यात शांघाय एसआयपीजीने रशियाच्या झेनितकडून हल्कला साडेपाच कोटी युरोंहून अधिक देऊन आणले आणि वर्षाच्या शेवटी चेल्सीच्या ऑस्करला ६ कोटी पौंडांना. ऑस्कर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. या वयात युरोपातले मोठे फुटबॉल सोडून शांघायला जाण्याचा निर्णय अनेकांना पटला नाही. ब्राझीलमध्ये काहीच नसलेल्या घरातून आपण आलो आणि हा निर्णय कुटुंबासाठी घेतला, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. चेल्सीचे प्रशिक्षक अंतोनिओ कोंते यांनी तेव्हा चिनी बाजारपेठ साऱ्या जगातल्या क्लबांना धोकादायक असल्याचा इशारा दिला होता. बेल्जियमचा अॅक्सेल वित्सेल युव्हेंटसला नकार देऊन तियानजिनला गेला.

शांघाय शेनहुआचा अनुभव सर्वांत बोलका आहे, कारण तो दोनदा आला. जानेवारी २०१२मध्ये फ्रान्सचा निकोलस अनेल्का आणि त्याच वर्षी चेल्सीला चॅम्पियन्स लीग जिंकून देऊन आलेला डिडिएर द्रोग्बा या क्लबकडे गेले. क्लब तेव्हा ऑनलाइन गेमच्या धंद्यातल्या झू जुन यांच्या हाती होता. भागधारकांमध्ये वाद पेटला, पगाराच्या तक्रारी सुरू झाल्या आणि २०१३च्या जानेवारीत दोघेही बाहेर पडले. (हाच अनेल्का पुढे २०१४मध्ये नव्याने निघालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळला. रॉबर्ट पिरेस त्याच वर्षी गोव्याच्या संघात होता. उताराला लागलेले मोठे नाव आणून प्रेक्षक ओढायचे, हा मार्ग भारतातही होता. मात्र त्याचे आकडे चीनच्या जवळपासही नव्हते.) चार वर्षांनी तोच शेनहुआ, आता ग्रीनलँडच्या पैशावर, अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझला घेऊन आला. आठवड्याला सहा लाख पौंडांच्या वर पगार, असे आकडे तेव्हा छापून आले. तो दुखापतींनी बेजार होता, वजन वाढलेले होते आणि लीगमध्ये त्याने चार गोल केले. वर्षभरातच तो बोका ज्युनियर्सला परतला आणि चीनमधले महिने आपण सुट्टीवरच होतो, असे पुढे म्हणाला. जॅक्सन मार्टिनेझचे दुःख वेगळे. त्याचा घोटा आधीपासूनच दुखावलेला होता. ४ कोटी २० लाख युरोंचा हा खेळाडू ग्वांगझूकडून मोजकेच सामने खेळला आणि शेवटी क्लबने त्याला एकही पैसा न घेता मोकळे केले.

उलट उदाहरणेही आहेत आणि ती विसरणे बरोबर नाही. टॉटेनहॅमने नको म्हटलेला पॉलिन्यो २०१५मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख युरोंना ग्वांगझूला आला, तिथे फुलला, ब्राझीलच्या संघात परतला आणि २०१७मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी ४ कोटी युरो मोजले. ऑस्कर तर आठ वर्षे शांघायमध्ये राहिला, तीन वेळा लीग जिंकला आणि २०२४च्या मोसमानंतरच मायदेशी गेला.

या पैशाचा परिणाम चिनी खेळाडूंवरही झाला. सामन्यात खेळवता येणारे परदेशी खेळाडू मर्यादित, गोलरक्षक तर चिनीच हवा असा नियम. त्यामुळे सात-आठ चिनी खेळाडू उत्तम असल्याशिवाय संघ जिंकत नसे, आणि तसे खेळाडू अख्ख्या देशात मोजके होते. परिणामी त्यांचेही भाव आणि पगार आभाळाला भिडले. घरीच इतका पैसा मिळत असताना युरोपातल्या मधल्या फळीच्या क्लबात जाऊन बाकावर बसण्याची, तिथल्या थंडीत घाम गाळण्याची गरज कुणाला वाटावी? जपान आणि दक्षिण कोरियाचे खेळाडू त्याच काळात जर्मनी-इंग्लंडमध्ये जाऊन घडत होते. २०१९मध्ये वू लेई स्पेनच्या एस्पान्योलला गेला, तो अपवाद म्हणूनच. या साऱ्या खर्चातले मोठे नुकसान इथे झाले, आणि त्याची चर्चा तेवेझच्या पगाराच्या मानाने फारच कमी झाली. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी सुझौमध्ये, आता राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेल्या लिप्पींच्या चिनी संघाला भारताविरुद्ध एकही गोल करता आला नाही. गोलखांबाशी गुरप्रीत सिंग संधू उभा होता आणि सामना ०-० असा सुटला.

सरकारलाही हे दिसत होते, पण त्याला घाई झाली ती दुसऱ्या कारणाने. २०१६मध्ये चीनमधून परकीय चलन वेगाने बाहेर जात होते आणि जानेवारी २०१७मध्ये परकीय गंगाजळी ३ लाख कोटी डॉलरच्या खाली आली. परदेशी खेळाडूची किंमत युरोंमध्ये जाते. त्याच महिन्यात फुटबॉल संघटनेने एका सामन्यात जास्तीत जास्त तीन परदेशी खेळाडू, आणि तेविशीच्या आतले तरुण खेळाडू सक्तीने, असे नियम केले. मोसम तोंडावर आलेला, खरेदी आटोपलेली. प्रशिक्षकांची दैना झाली. काही प्रशिक्षक नियम पाळण्यापुरते तरुण खेळाडूला उतरवत आणि थोड्याच वेळात बाहेर बोलावत. मग २०१७च्या मध्यावर खरा घाव बसला. तोट्यातल्या क्लबने परदेशी खेळाडूसाठी ४ कोटी ५० लाख युआनपेक्षा जास्त रक्कम दिली, तर तेवढीच रक्कम युवा विकास निधीत भरायची. म्हणजे किंमत दुप्पट, आणि क्लब बहुतेक सारे तोट्यातच. पुढे पगारांवर मर्यादा आल्या. २०२०च्या अखेरीस परदेशी खेळाडूला वर्षाला ३० लाख युरो आणि चिनी खेळाडूला ५० लाख युआन हे कमाल वेतन ठरले. क्लबच्या नावातून कंपनीचे नावही काढून टाकायचे, असे त्याच वेळी फर्मावले गेले.

तोवर फार उशीर झाला होता. क्वानजियान सर्वांत आधी कोसळली. कर्करोग झालेल्या एका लहान मुलीच्या बाबतीत कंपनीच्या उत्पादनांवर गंभीर आरोप झाले, २०१९च्या सुरुवातीला मालक अटकेत गेला आणि वर्षभर दुसऱ्या नावाने तगलेला क्लब २०२०मध्ये विसर्जित झाला. २०२०च्या ऑगस्टमध्ये सरकारने बांधकाम कंपन्यांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’ आखल्या. कर्जावर कर्ज काढून वाढलेल्या कंपन्यांचे रक्तच आटले. त्यात कोविडमुळे मैदाने ओस पडली आणि ८ अब्जांचा प्रक्षेपण करारही आधी बदलला गेला, मग मोडला.

१२ नोव्हेंबर २०२० रोजी जिआंगसू सुनिंगने सुझौमध्ये एव्हरग्रँडला २-१ असे हरवून पहिल्यांदा चीनचे विजेतेपद मिळवले. विजयाचा गोल ५ कोटी युरोंच्या टेशेराने केला होता. बरोबर १०८ दिवसांनी, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, सुनिंगने क्लबचे कामकाज थांबवल्याचे जाहीर केले. गतविजेता संघ नवा मोसम सुरू होण्याआधीच नाहीसा झाला. त्याच मालकांच्या इंटर मिलानने मे महिन्यात इटलीची लीग जिंकली.

एव्हरग्रँडचा अंत सावकाश झाला. एप्रिल २०२०मध्ये शू जियायिन यांच्या कंपनीने ग्वांगझूमध्ये कमळाच्या आकाराच्या, एक लाख प्रेक्षकांच्या, १२ अब्ज युआन खर्चाच्या स्टेडियमची पायाभरणी केली होती. पुढच्याच वर्षी तीनशे अब्ज डॉलरच्या देण्याखाली कंपनीचे हप्ते थकले, स्टेडियम अर्धवट राहिले आणि पुढे जमीनही परत गेली. परदेशी खेळाडू गेले. चिनी नागरिकत्व देऊन राष्ट्रीय संघात घेतलेले एल्केसनसारखे ब्राझिलियनही थकलेल्या पगारामुळे निघून गेले. २०२२च्या शेवटी संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. जानेवारी २०२४मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने एव्हरग्रँड अवसायनात काढली. ६ जानेवारी २०२५ रोजी, आठ वेळा चीनचा आणि दोन वेळा आशियाचा विजेता असलेला ग्वांगझू क्लब देणी फेडता न आल्याने व्यावसायिक फुटबॉलमधून बाद झाला. दरम्यान चोंगछिंग, हबेई, आर अँड एफचा ग्वांगझू सिटी, शेनझेन आणि दालियान हेही बंद पडले होते. त्यांच्यामागे राहिले ते मोठ्या नावांनी गाजलेले खेळाडू नव्हेत. राहिले पगार थकलेले साधे चिनी खेळाडू, युवा संघांतली मुले, मैदानाची निगा राखणारे कामगार. त्यांची नावे कुठल्याच विक्रमाच्या यादीत नाहीत.

भ्रष्टाचारही गेला नव्हता. एसआयपीजीने हल्क आणि ऑस्करला आणले तेव्हा बंदर कंपनीचे अध्यक्ष असलेले चेन शूयुआन २०१९मध्ये फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. ८ कोटी १० लाख युआनची लाच घेतल्याबद्दल २०२४च्या मार्चमध्ये त्यांना जन्मठेप झाली. राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक आणि एके काळचे एव्हर्टनचे खेळाडू ली तिए यांना डिसेंबर २०२४मध्ये लाचखोरीबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. २०२६च्या विश्वचषकासाठी आशियाच्या जागा वाढवून आठ करण्यात आल्या, तरी ५ जून २०२५ रोजी जकार्तामध्ये इंडोनेशियाकडून ०-१ असा हरून चीन पुन्हा बाहेर पडला.

त्याच उन्हाळ्यात जिआंगसू प्रांतातल्या तेरा शहरांनी आपापले हौशी संघ उतरवून एक लीग खेळवली. खेळाडूंमध्ये विद्यार्थी होते, शिक्षक होते, घरोघरी सामान पोहोचवणारे होते, आणि तिकीट दहा-वीस युआनच्या आसपास होते. नानजिंगच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर, जिथे एके काळी टेशेरा आणि रामिरेस खेळले होते, जुलैमध्ये नानजिंग विरुद्ध सुझौ या सामन्याला साठ हजारांहून अधिक लोक आले.